बकुळीखालची तीन पाट्या माती

मी, भाऊसो ज्ञानू मधाळे, वय अडुसष्ट वर्षे, एस.टी. वर्कशॉपमधून हेडमेकॅनिक म्हणून निवृत्त, राहणार प्लॉट नंबर १७, समतानगर, कोल्हापूर, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी भरीस घातलेले नाही. ‘आन् कोणाचंबी ऐकल्यालं न्हाय, ते बी लिवा,’ असे माझी पत्नी तानूबाई स्वयंपाकघरातून सांगत आहे. तेही खरे आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. येत्या सोमवारी, म्हणजे १६ एप्रिलला, मिरजेच्या दवाखान्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काही काळजी करू नका, आणि एवढे म्हणून कागदावर सही घेतात. मी बावीस वर्षे युनियनचा सेक्रेटरी होतो. कोणी घाईने सही मागितली की मला काळजी वाटते.

मृत्युपत्राचा मसुदा अॅडव्होकेट फरहीन मुल्ला हिने करून दिला होता. फरहीन ही आमच्या कॉलनीच्या बागेचा पंप सांभाळणाऱ्या दिलदारची मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिचा मसुदा दीड पानाचा होता आणि कायद्याला धरून होता. तो मी बाजूला ठेवला आहे. ‘काका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, मनातलं नव्हे,’ असे ती म्हणाली. पण घरदार वाटायचे काम माझे अर्ध्या पानात होते. उरलेले जे आहे ते बाग मंडळाचा अध्यक्ष केरबा पोवार याला रविवारच्या आत कळले पाहिजे. रविवारी तो एका कागदावर सही करणार आहे, आणि ती सही झाली तर ती मोडायला मी सोमवारनंतर असेन की नाही ते मला माहीत नाही. म्हणून मी घाईत आहे. चार दिवस झाले लिहितो आहे, फाडतो आहे.

कलम १. प्लॉट नंबर १७ वरील चार खोल्यांचे घर मी आणि तानूबाईने मिळून बांधलेले आहे. मी ड्युटीवर असताना विटांवर पाणी तिने मारले, गवंड्यांशी भांडणे तिने केली. माझ्या पश्चात हे घर तिचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, आणि ‘आई, आता तू पुण्याला चल’ असेही तिला कोणी म्हणू नये. ती आपणहून म्हणाली तर गोष्ट वेगळी. तिच्या पश्चात घर मुलगा प्रसेनजीत आणि मुलगी अक्षता यांना समान वाट्याने मिळावे. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल ते तानूबाईचे. ते किती आहे ते तिलाच ठाऊक, मी कधी विचारले नाही.

प्रसेनजीत चांगला मुलगा आहे. मागच्या महिन्यात त्याने फोनवर सांगितले, ‘बाबा, शेजारच्या बागेत महापालिकेचा हॉल झाला की आपल्या प्लॉटला भाव येईल, अपार्टमेंटचं बघूया.’ मी फोन ठेवला. त्याचा राग मनात धरलेला नाही. त्याला प्लॉट दिसतो, बाग दिसत नाही, एवढेच. बागेत तो लहानपणी आला तो क्रिकेट खेळायला आणि वाफे तुडवायला.

कलम २. माझ्या घराच्या मागच्या कोपऱ्यात, बागेच्या भिंतीला लागून, एक बोअर आहे. ती बोअर, तिच्यावरचा पंप, पंपाची पेटी आणि सभोवतालची सहा फूट बाय दहा फूट जागा मी कलम १ मधून वगळतो आणि ‘समतानगर बाग मंडळ’ या आमच्या नोंदणीकृत मंडळाला कायमची देतो. मंडळाच्या माणसांना भिंतीतल्या दारातून तेथे येण्याजाण्याचा हक्क राहील. तानूबाईने दाराला कुलूप लावू नये. तिने ते आजवर तीनदा लावलेले आहे, आणि तिन्ही वेळा भांडण माझ्याशी होते, बागेशी नव्हते.

अट एकच. हे पाणी झाडांना, वाफ्यांना आणि तहानलेल्या माणसांना आहे. हॉल झालाच तर हॉलच्या बेसिनला, जेवणावळीच्या भांड्यांना किंवा कोणाची जीप धुवायला त्यातला एक थेंब मिळणार नाही.

कलम ३. बोअर बागेला का देतो हे मुलांना कळावे म्हणून लिहितो. कोर्टात कोणी विचारले तर हेच वाचून दाखवावे.

१९९३ साली बागेची जागा कागदोपत्री ओपन स्पेस होती आणि प्रत्यक्षात कॉलनीचा उकिरडा. एका रविवारी सकाळी मी गच्चीवरून पाहिले तर एक गृहस्थ एकटेच खोरे घेऊन कचरा उपसत होते. कॉलनीत नवे आले होते. बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एवढेच ऐकून होतो. मी वरूनच हाक मारली, ‘काय हुडकताय पावणं?’

‘जमीन हुडकतोय,’ ते म्हणाले. ‘हितंच कुठंतरी असंल की.’

तो केरबा. मी चप्पल घालून खाली उतरलो तो आजपर्यंत वर आलो नाही, असे तानूबाई म्हणते. सहा महिन्यांत बावीस घरे आली. दर रविवारी सकाळी सहा ते आठ काम. उशिरा येईल त्याने सगळ्यांची हत्यारे धुवायची. मग तो डॉक्टर असो की दुकानदार. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात झाडे लावली. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात काय करायचे यावर तीन बैठका झाल्या, आणि चौथ्या बैठकीआधीच केरबाची बायको बयाबाई हिने तेथे मेथी पेरून टाकली. चौदा वाफे तिने आखले. बी तिच्या माहेरचे, हातकणंगल्याकडचे. भाजी निघाली की पोत्यावर ओतून वाटे घालायचे, आणि जो वाटे घालेल त्याने आपला वाटा सगळ्यात शेवटी उचलायचा, हा नियमही तिचाच. त्यामुळे आमच्यात भाजीवरून भांडण कधी झाले नाही. बाकी सगळ्यावरून झाले.

पहिल्या उन्हाळ्यात नळाचे पाणी पुरले नाही आणि निम्मी रोपे गेली. मग १९९४ च्या मे महिन्यात मी माझ्या जागेत बोअर मारली आणि भिंतीतून पाइप बागेत सोडला. पाणी लागले त्या दिवशी बागेत वीस-पंचवीस माणसे होती. ऊन मरणाचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रोपांना पाणी दिले, आणि मग एकेक जण पाणी प्यायला आपापल्या घरी निघाला. कोणी काही बोलले नाही. मी बौद्ध मनुष्य, छप्पन साली माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. कोणी न बोलता घरी का जातो ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी पाइप हातात धरून उभा होतो आणि मला तो पाइप कापून टाकावासा वाटत होता.

बयाबाईने खुरपे खाली टाकले. ओंजळ धरली, पोटभर प्यायली, तोंड धुतले, आणि पाठमोऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘कुठं निघालायसा? गोड पाणी हाय, प्या की हितं! घरात काय साखर घालून ठेवलीया?’

मग केरबा प्यायला, दिलदार प्यायला. निघालेल्यांपैकी बरेच जण परत फिरले. जे फिरले नाहीत त्यांची नावे मी या कलमात लिहिली होती. फरहीनने ती खोडायला लावली. नावे तानूबाईला पाठ आहेत.

त्या बाईचे माझ्यावर जे आहे ते मी कशाने फेडणार? निदान पाणी तरी तिच्या वाफ्यांना राहावे.

(येथे उठून बागेत जाऊन आलो. काही काम नव्हते. तानूबाई म्हणाली, ‘अवो, बसा की एका जागी, डागदरनं काय सांगितलंय?’ बसवत नाही.)

कलम ४. माझी हत्यारे. पाइप पाना, चेन पाना आणि पान्ह्यांचा पूर्ण सेट बाग मंडळाला, पण दिलदार मुल्ला याच्या ताब्यात; तो साक्षीदार आहे म्हणून त्याच्या नावावर नाही. तो आजवर ते विचारून नेत असे, आता न विचारता न्यावे. बागेची पाच खोरी, दोन टिकाव आणि झाऱ्या मंडळाच्याच आहेत, माझ्या घरात ठेवलेल्या आहेत इतकेच. बसच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून मी केलेले सात विळे आहेत. त्यातला एक अक्षताला, कारण ती इचलकरंजीला तिसऱ्या मजल्यावर रंगाच्या डब्यांतून दोडकी काढते. बाकीचे बागेला.

एक खोरे कमी आहे. सन २००२ मध्ये आमच्या नगरसेवकांनी श्रमदानाच्या फोटोसाठी नवे खोरे मागून घेतले. फोटो पेपरात आला, खोरे आले नाही. ते जिथे असेल तिथून मंडळाने वसूल करावे.

कलम ५. श्री. केरबा दत्तू पोवार यांना मी काहीही ठेवलेले नाही. हे विसरून झालेले नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, असे फरहीन म्हणते, आणि मला केरबा साक्षीदार म्हणून हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण माझी अट आहे, की साक्षीदार क्रमांक एक यांनी हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून स्वतः वाचावे आणि मगच सही करावी. मी समोर बसलेला असेन.

तोंडाने सांगायचा प्रयत्न मी नऊ वर्षे केला. दोन हजार एक साली त्याच्या नातीच्या बारशाला ठरवून गेलो आणि जेवून आलो. दोन हजार पाचच्या पुरात गल्लीत गुडघाभर पाणी होते, आम्ही दोघे त्याच्या गच्चीवर दोन दिवस होतो, बोलायला वेळच वेळ होता. तेव्हा मी त्याला पंपाची मोटर कशी वाळवायची ते सांगत बसलो. परवाच्या रविवारी पुन्हा तोंड उघडले आणि म्हणालो, ‘केरबा, उन्हाळा लई हाय.’ एस.टी.च्या डेपो मॅनेजरला टेबलावर हात आपटून बोलणारा मी माणूस. माझी मला लाज वाटते.

केरबा, येथपर्यंत तू वाचले असशील. पाणी पी. पुढचे कलम मनातल्या मनात वाच.

कलम ६. १९९८ च्या मार्चमध्ये बयाबाई गेली. चार दिवसांच्या तापाने. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला तू सांगितलेस की रक्षा नदीत सोडायची नाही, बागेत खड्डा काढून तिच्यावर झाड लावायचे. तुझे भाऊ बिथरले. शेवटी अस्थी नृसिंहवाडीच्या संगमावर आणि रक्षा बागेत, असे ठरले. तुला मी तेव्हा बळ दिले, पाठीशी उभा राहिलो. खड्डाही मीच काढला, बकुळीचे रोप मीच आणले.

तू दोन घमेली भरून रक्षा आणलीस आणि सगळी त्या खड्ड्यात ओतलीस.

मला माहीत होते. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, की राख मूठभर घालायची असते, जास्त झाली की मूळ जळते. आम्ही अकरा जण त्या खड्ड्याभोवती उभे होतो आणि अकराही जणांना माहीत होते. तुला कोण म्हणणार, की केरबा, एक मूठच घाल, बाकीची उचल? बाकीची नेऊन ठेवायची कुठे? कोणी बोलले नाही. वर प्रत्येकाने तांब्याभर पाणी ओतले. रक्षा गारा होऊन बसली.

तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. तू रोज दोनदा पाणी घालत होतास. ‘भाऊसो, बया रुसली बघ,’ असे तू मला एका संध्याकाळी म्हणालास. मी म्हणालो ऊन आहे. मी घरी येऊन जेवलो नाही, तानूला विचार. तुझी बायको गेली होती, आणि आता तिचे झाड तुझ्या डोळ्यांसमोर मरणार होते, आणि त्याला कारण तुझीच दोन घमेली होती. हे तुला सांगणे मला जमले नाही.

तू दर गुरुवारी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जातोस. त्या गुरुवारी सकाळी तुझी एस.टी. सुटल्यावर मी बागेत गेलो. रोप उपटले, मूळ काळे पडले होते. खड्डा मोकळा केला. रक्षा मिसळलेली माती तीन पाट्या निघाली. नवी माती भरली आणि त्याच उंचीचे, तितक्याच फांद्यांचे दुसरे बकुळीचे रोप लावले. ते शोधायला मी सांगलीच्या रस्त्यावरच्या चार रोपवाटिका फिरलो होतो. जुन्या रोपाला तू बांधलेला पिवळा दोरा सोडून नव्याला बांधला.

तू वाडीहून आलास, अंगारा आणून बुंध्यात घातलास. आठ दिवसांनी मला घरातून ओढत नेऊन दाखवलेस, ‘बघ की, पालवी फुटली! तू इस्वास ठेवत न्हाईस, पर अंगाऱ्यानं गुण आला का न्हाय?’ मी म्हणालो, ‘आला.’ आयुष्यात मी अंगाऱ्याला गुण दिला तो त्या एकाच दिवशी.

तेव्हा बकुळीखाली बया नाही. नऊ वर्षे तू रोज सकाळी जिच्याशी बोलतोस, जिच्या आळ्यात बसून सुपारी कातरतोस, ते मी विकत आणलेले झाड आहे. हे मी लिहिले. आता खोडणार नाही.

कलम ७. त्या तीन पाट्यांचे काय केले ते सांगतो. नदीवर न्यायचे मनात होते. पण पाय निघेना, कारण तू तिला नदीत सोडायचे नाही म्हणाला होतास. उकिरड्यावर टाकणे तर शक्यच नव्हते. घरी आणली असती तर तानूने विचारले असते. मी त्या पाट्या वाफ्यांच्या कडेच्या खताच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या, वर पालापाचोळा टाकला, आणि ठरवले की सवडीने काहीतरी नीट करू.

सवड मिळाली नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी कामाला आलो तर तू आणि दिलदारने खड्डा उघडला होता. तुझ्याच हातात खोरे होते. मी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडले आणि तू म्हणालास, ‘आयला, काय झ्याक खत झालंय रं, धर की पाटी!’ मी पाटी धरली. चौदाच्या चौदा वाफ्यांत ते खत आपण तिघांनी पसरले. तिचेच वाफे, तूच खोरे मारतोयस, मी पाटी वाहतोय. संध्याकाळी मला ताप भरला.

त्या हिवाळ्यात वांगी आली ती आठवतात? तसली वांगी पुन्हा आली नाहीत. घेवडा मांडवावर मावेना. पोत्यावर ढीग पडायचा, बावीस घरांचे वाटे घालून उरायचे. वाटे तू घालत होतास आणि नियमाप्रमाणे शेवटचा वाटा तुझा. ‘बया असती तर हरखली असती,’ असे तू दर रविवारी म्हणायचास. माझ्या घरी ती वांगी तानूने भरून केली. मी उपवास आहे म्हणालो. तानूने मला वर-खाली पाहिले, कारण मी उपवास करत नाही. पुढच्या रविवारी मात्र खाल्ली. का ते सांगता येत नाही. तिने माझे पाणी पिऊन मला या कॉलनीत उभे केले होते, तिचे ताटात आलेले टाकायचे म्हणजे मला कठीण वाटले. रडत खाल्ली, आणि तिखट लागले असे सांगितले.

(फरहीनने हे कलम वाचले. मग म्हणाली, ‘काका, हे मी टाइप करणार नाही. तुमच्याच अक्षरात राहू द्या.’ म्हणून सगळेच मृत्युपत्र हाताने लिहिलेले ठेवले आहे.)

कलम ८. आता रविवारचा कागद. महापालिकेकडून बागेच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात बहुउद्देशीय हॉल व्हायचा आहे. त्यासाठी मंडळाच्या अध्यक्षांचे ना हरकत पत्र लागते. अध्यक्ष केरबा आहे. नगरसेवकांनी त्याला शब्द दिला आहे की उत्तरेच्या बकुळीला हात लावणार नाही. उलट तिला काळ्या दगडाचा कट्टा बांधू आणि संगमरवरावर बयाबाईचे नाव कोरू. केरबा कबूल झाला. मागच्या बैठकीत मी ओरडलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘भाऊसो, बावीस घरातली सहा ऱ्हायली. तुझं काळीज असं, माझं गुडघं तसं. वाफं कोण करणार? बया तेवढी जागच्या जागी ऱ्हाऊ दे. बाकीचं घिऊ देत जातंय ते.’

याला उत्तर एकच होते आणि ते मी नऊ वर्षे गिळून बसलो होतो.

केरबा, तू जे राखायला निघाला आहेस ते माझ्या हातचे झाड आहे, आणि जे द्यायला निघाला आहेस त्यात ती आहे. चौदाही वाफ्यांत. जेसीबी पहिला दात घालील तो तिच्यात घालील. सहा माणसे उरली हे खरे आहे. मी वाचलो तर महिनाभर खुरपे धरता येणार नाही हेही खरे आहे. वाफे पडीक राहिले तरी चालतील, त्यावर तण माजू दे. पण माती जागेवर राहू दे. तू माझ्यावर कसलाही राग काढ, कॉलनीत सगळ्यांना सांग, मंडळातून माझे नाव काढ. बकूळ उपटून टाकलीस तरी मी शब्द बोलणार नाही. फक्त तो कागद.

हे मी तुझे मन दुखवायला किंवा हॉल अडवायला रचलेले नाही. तशी शंका येईल, मला माझ्यावरच येते. म्हणून पुरावा लिहितो. नव्या रोपाच्या मुळाशी मी ते लावतानाच माझ्या बिल्ल्याचा पितळी तुकडा पुरला आहे, एस.टी.चा, नंबर घातलेला. बुंध्याच्या पूर्वेला वीतभर खोल. खणून पाहा.

कलम ९. माझ्या देहाचे. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. त्यानंतर रक्षेतली एक मूठ, एकच मूठ, खताच्या खड्ड्यात घालावी आणि पुढच्या हंगामात खत पसरताना पसरावी. माझ्या नावाचे झाड लावू नये. अक्षताने मूठ मोजून घालावी, प्रसेनजीतला अंदाज नाही. बाकीची रक्षा पंचगंगेत.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅडव्होकेट फरहीन मुल्ला हिने करावी. तिच्या दीड पानात जे होते ते सगळे यात आले आहे, तिने शोधून घ्यावे. यापूर्वी मी कुठे काही लिहिले असेल, बोललो असेल, चिडून कोणाला कबूल केले असेल, ते सर्व रद्द. प्रत्येक पानावर सही केली आहे. जेथे खाडाखोड आहे तेथेही केली आहे. सहावे कलम पाच वेळा लिहिले. त्यातली चार पाने तानूबाईने चुलीत घातली, न वाचता, असे ती म्हणते.

एवढे लिहून मला बरे वाटेल असे वाटले होते. वाटत नाही. केरबा पाच वाजता येणार आहे, आता साडेचार झाले आहेत, आणि मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो.

ठिकाण: समतानगर, कोल्हापूर
दिनांक: १२ एप्रिल २००७, गुरुवार

मृत्युपत्र लिहून ठेवणार:
(सही) भाऊसो ज्ञानू मधाळे

आम्हां दोघांसमक्ष भाऊसो मधाळे यांनी वरील सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार क्रमांक २:
(सही) दिलदार खिजर मुल्ला, पंप दुरुस्ती, समतानगर. मजकूर वाचला नाही. केरबाचे तोंड बघितले.

साक्षीदार क्रमांक १:
मी केरबा दत्तू पोवार. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मधी उठून बागेत गेलतो, म्हणून सही करायला सात वाजले. बकुळीखाली खणलं न्हाय. भाऊसो सही करताना शुद्धीवर होता, रडत होता, ते बी खरं.

मी चौदा वाफ्यांतनं अनवाणी फिरून आलो. रविवारच्या कागदावर सही करणार न्हाय. नगरसेवकाला तसं आत्ताच भाऊसोच्या फोनवरनं सांगितलं.

मला राग आलाय. लई आलाय. नऊ वर्सं मी येड्यागत बोलत बसलो आन् हा बघत बसला. पर काळीज असं असताना माणसावर तो काढता येत न्हाय. तवा भाऊसोनं मिरजेला जावं, बरं होऊन परत यावं, मग मी तो काढणार हाय. त्याच्याआधी ह्या मृत्युपत्राचा अंमल झाल्याला मला चालणार न्हाय.

(सही) केरबा दत्तू पोवार